गुरं काजूखाली की माडाखाली?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्याकडे गुरं काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, सोडायची जुनी सवय. खर्च शून्य, गोव्याची देशी श्वेत कपिला गाय चढ सहज चढते. पण काजूची सावली दाट, खाली गवत विरळच. फेब्रुवारी ते मे बोंडू (काजूची फळं) पडतात, गुरं चवीने खातात, मग हुर्राकीला, म्हणजे बोंडूच्या रसाच्या दारूला, काय उरणार?

माडांत साडेसात मीटर अंतर असलं की ऊन खालपर्यंत उतरतं. तिथे संकरित नेपियर हे चाऱ्याचं गवत लावा आणि कापून गोठ्यात घाला. गुरं आत सोडू नका, पावसात खुरांनी माती घट्ट होते. कापणीची मेहनत आहे खरी. पण शेण एका जागी मिळतं, ते माडाच्या आळ्यात जातं. पाण्याची सोय असेल तर मी माडच निवडेन. उघड्या डोंगरउतारावर मात्र काजूच बरा.