ट्रकच्या केबिनमधला कंपनीचा स्लीपर बर्थ: डबल ड्रायव्हरच्या फेरीला कितपत पुरतो?

सांगलीतून हळद किंवा बेदाणा भरून निघालेली गाडी पेठ नाक्यावर हायवेला लागली की थेट दिल्लीपर्यंत एकच रस्ता, राष्ट्रीय महामार्ग ४८. अंतर सोळाशे-सतराशे किलोमीटर. सरासरी ताशी ४५ धरली तरी नुसतं चाक फिरण्याचेच ३७-३८ तास होतात. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ हा २०२५ पर्यंत लागू होता; त्याप्रमाणे दिवसाला ८ तास काम, लांब पल्ल्याला परवानगीने १० तास, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. एकट्या ड्रायव्हरने हे पाळलं तर चार-पाच दिवस लागतात. दोघं असले की जेमतेम दोन दिवसांत माल मंडीत पोचतो. पण एक चालवत असताना दुसऱ्याला खरोखर झोप लागली तरच हे जमतं. तो नुसता डोळे मिटून पडून राहिला, तर दुसऱ्या रात्री गाडीत दोन थकलेले ड्रायव्हर असतात आणि दुसऱ्याचा पगार वाया जातो.

म्हणून इथे इंजिन, मायलेज, पिकअप यांतलं काही नाही. नव्या जड गाड्यांच्या फॅक्टरी केबिनमध्ये सीटमागे जो बर्थ मिळतो, तेवढाच तपासला आहे. थोडक्यात मत असं: सांगाडा चांगला, गादी वाईट, आणि वायरिंग कोणाच्या हाती पडतं त्यावर पुढचं सगळं.

पूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियमांत नॅशनल परमिटच्या (देशभर माल नेण्याचा परवाना असलेल्या) जड गाडीवर दोन ड्रायव्हर हवेतच आणि सीटमागे दुसऱ्याला आडवं होता येईल अशी पूर्ण रुंदीची जागा हवी, अशी अट होती. दोन ड्रायव्हरांची सक्ती २०१८ मध्ये निघाली. तेव्हापासून बरेच मालक बर्थकडे सामान ठेवायची फळी म्हणूनच बघतात. हे बदलायला हवं.

आधी माप. शोरूममध्ये टेप घेऊन जा. लांबी सहा फुटांच्या खाली नको, रुंदी २४ इंचांच्या खाली नको, आणि हे माप ड्रायव्हर सीट पूर्ण मागे सरकवून, पाठ कलती करून घ्यायचं. सीट पुढे असताना बर्थ ऐसपैस दिसतो. उंच ड्रायव्हर चाकावर बसला की सीटची पाठ बर्थच्या कडेत घुसते आणि तिथली रुंदी कमी होते. त्यामुळे झोपणाऱ्याचं डोकं क्लीनरच्या बाजूला आणि पाय ड्रायव्हरच्या मागे, हेच सोयीचं.

आता हादरे. बसलेल्या माणसाचे पाय, मांड्या आणि सीटची स्प्रिंग मिळून धक्का गिळतात. आडव्या माणसाच्या पाठीला तो सरळ पोचतो. शिवाय बर्थ येतो नेमका केबिनच्या मागच्या माउंटिंगवर, म्हणजे केबिन चेसीवर टेकते त्या जोडावर. केबिन चार ठिकाणी स्प्रिंग किंवा एअरवर टांगलेली असेल तर फरक पहिल्याच खड्ड्यात कळतो. पुढे नुसते रबर बुश (रबराच्या गुट्ट्या) आणि मागे स्प्रिंग असलेली केबिन चालवणाऱ्याला पुरते, झोपणाऱ्याला नाही. मागचे छोटे शॉकअप (धक्के शोषणारे दांडे) गळायला लागले किंवा बुश चेपले, तर चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. बर्थवरच्याला कंबरेत कळतं. सर्व्हिसिंगला गाडी गेली की केबिनचे बुश आणि शॉकअप बघायला मुद्दाम सांगावं लागतं, कारण मेकॅनिकचं सगळं लक्ष चेसीखालच्या पाट्यांकडे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगकडे असतं.

रिकाम्या परतीत त्रास दुप्पट. पाटे भरल्या वजनासाठी बनवलेले. रिकाम्या गाडीत ते दबतच नाहीत आणि गाडी उडते. सहापदरीकरणाच्या कामामुळे वळवलेले पट्टे, तासवडे आणि आनेवाडी टोलच्या आधीचे पांढरे रंबल पट्टे, इथे वेग खरोखर कमी करणारा जोडीदार हाच सगळ्यात चांगला शॉकअप. दोघांनी निघण्याआधी हे बोलून घ्यावं.

गादी. कंपनीकडून बहुतेक वेळा तीन-चार इंच फोम आणि वर रेक्झीन येतं. हलका फोम काही महिन्यांत बसतो आणि माणूस फळीवर झोपायला लागतो. रेक्झीनखाली घाम साचतो, पाठीला पुरळ येतं, फोमला वास धरतो. ही गादी जपायच्या भानगडीत पडू नका, पहिल्या महिन्यातच बदला. कुशनवाल्याला नेमकं सांगायचं ते असं: खाली दोन इंच रिबॉण्डेड (तुकडे दाबून बनवलेला कडक) फोम, वर दोन इंच ४० डेन्सिटीचा एचआर (दबून पुन्हा उसळणारा) फोम, कव्हर जाड सुती कापडाचं आणि चेन लावलेलं, म्हणजे काढून धुता येतं. एकूण चार इंचांच्या वर जाऊ नका, डोक्यावरची जागा कमी होते आणि वळणावर अंग लोळतं. पुढची, म्हणजे सीटच्या बाजूची कड इंचभर उचलून घेतली तर ब्रेक लागल्यावर माणूस पुढे घसरत नाही. खालच्या प्लायवूडला एक इंची भोकं पाडून घ्या, हवा खेळली की बुरशी धरत नाही. प्लाय स्क्रूने बसवू नका, हादऱ्याने स्क्रू सैल होतात आणि रात्रभर करकर सुरू होते. नायलॉक (हादऱ्याने सैल न होणारे) नटबोल्ट आणि प्लायच्या कडेला रबर पट्टी लावली की आवाज बंद. बर्थखालच्या पेटीतला जॅक आणि पाने गोणपाटात गुंडाळून ठेवा.

कव्हरच्या मागे दोन पट्टे शिवून गादी फ्रेमला बांधायची. इंजिन बघायला केबिन पुढे पाडली की मोकळी गादी, डबे, कळशी सगळं काचेवर येऊन आदळतं.

बांधायचा पट्टा झोपणाऱ्यालाही हवा, आणि यात कंपन्या बऱ्याच कमी पडतात. जाळी किंवा पट्टे असतात कुठे कुठे, पण हुक गादीखाली गाडले गेलेले आणि वापरायला अवघड. साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकी बोगदा ओलांडल्यावरचं एस वळण आणि कात्रजचा नवा बोगदा सुटल्यावर नवले पुलापर्यंतचा लांब उतार, या दोन जागा आठवा. तिथे जोरात ब्रेक मारावा लागला तर बर्थवरचा माणूस सरळ गिअर लिव्हरवर येतो. छाती आणि मांडी अशा दोन ठिकाणी रुंद पट्टे, चेसीला जोडलेल्या केबिन फ्रेमलाच बोल्ट केलेले, झोपेतही हाताला लागेल असं बकल. पत्र्याला रिव्हेट मारून बसवलेला हुक उपयोगाचा नाही. दोन मजली बर्थ असेल तर वरचा उभ्या गाडीतच वापरा.

पडदा दुहेरी, जाड आणि गडद हवा. मागे मोबाईल पेटला की रात्री त्याचा उजेड पुढच्या काचेत उमटतो आणि चालवणाऱ्याला समोरचं नीट दिसत नाही, म्हणजे पडदा दोघांसाठीही आहे.

हवेबद्दल. २०२५ पासून नव्या जड गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, हे उत्तम. पण त्याची हवा डॅशबोर्डमधून पुढे सुटते, पडदा ओढला की मागे कोंडतं. बर्थच्या पायाशी २४ व्होल्टचा छोटा पंखा लावला की प्रश्न सुटतो. गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं असेल तर इंजिनची उष्णता आणि धूर तिथून वर येतो. ते किरकोळ दिसतं, पण आधी बदला. गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून दोघांनी झोपणं जिवावर बेतू शकतं. सायलेन्सर गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. शेगडी केबिनमध्ये पेटवू नका, थंडीत राजस्थानातही नाही.

दिल्लीच्या वेशीवर दिवसा नो एंट्रीत थांबावं लागतं म्हणून बरेच जण छतावर बॅटरीचा पार्किंग एसी बसवतात. हिशेब करून घ्या. ३० अँपिअर ओढणारा एसी आणि १५० अँपिअर-अवरची २४ व्होल्टची जोडी; निम्मीच वापरायची तर अडीच तास. त्यापुढे चालवला तर सेल्फ लागत नाही, गाडी सुरूच होत नाही. वेगळी बॅटरी जोडी आणि व्होल्टेज पडलं की आपोआप तोडणारा कटऑफ घेणार असाल तरच हा खर्च करा.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक वायरिंगमध्ये होते. गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मालिकेत असतात. चार्जर, टेप, लाइट १२ व्होल्टचे असले की इलेक्ट्रिशियन एकाच बॅटरीवरून वायर काढून देतो. काम झटपट होतं, पण ती बॅटरी कायम अर्धी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि काही महिन्यांत दोन्ही मरतात. मग बॅटरी कंपनीला शिव्या. २४ ते १२ चा कन्व्हर्टर लावा, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर घाला, आणि वायर बर्थच्या फ्रेमवरून नेताना पत्र्याच्या भोकात रबर ग्रोमेट (रबराची कडी) बसवा. बर्थखाली वायर घासून पेटली तर त्यावर माणूस झोपलेला असतो.

चेसी घेऊन बाहेर केबिन बांधून घेणाऱ्यांसाठी एवढंच: बांधणारा एआयएस-०९३ (ट्रकची केबिन आणि बॉडी बांधायचं भारतीय मानक) प्रमाणे मंजुरी असलेला हवा. तिथे माप मनासारखं मिळतं, पण केबिन सस्पेन्शन फॅक्टरीसारखं मिळत नाही. जवळच्या फेऱ्यांना चालेल. दिल्ली, कोलकात्याच्या डबल ड्रायव्हर गाडीला फॅक्टरी केबिनच घ्या.

ट्रायल मागताना चाकावर दुसऱ्याला बसवा, स्वतः मागे आडवे व्हा आणि कराड ते साताऱ्याजवळचं शेंद्रे एवढी गाडी पळवायला सांगा. शक्य असेल तर रिकामी. डीलर नाखूश असतो, तरी आग्रह धरा. मागून उठल्यावर लगेच चाक हातात घेऊ नका. झोपेची गुंगी उतरायला पंधरा ते तीस मिनिटं लागतात, आणि पाळी बदलताना पहाटे दोन ते सहा या वेळेत जास्त झोपलेला माणूस चाकावर असेल असं वेळापत्रक आधीच लिहून केबिनमध्ये चिकटवा.

गुण द्यायचे तर सांगाड्याला दहापैकी आठ, हवेला सहा, पट्ट्यांना चार, गादीला तीन.