पीएम-किसानचा हप्ता: पैसे पोचवण्यात चोख, मदत म्हणून तोकडा

मार्च 2020 ला टाळेबंदी लागली तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षं वेलीवरच होती. व्यापारी फिरकेनात, म्हणून बऱ्याच बागायतदारांनी खाण्याचा माल रॅकवर टाकून बेदाणा केला. एप्रिलात खात्यावर 2000 रुपये पडले आणि गावात बोलबाला झाला, कोरोनाची मदत आली.

ती जादा मदत नव्हती. पीएम-किसान या केंद्राच्या योजनेत शेतकरी कुटुंबाला वर्षाला 2000 च्या तीन हप्त्यांत 6000 मिळतात, त्यातलाच एप्रिल-जुलैचा हप्ता महिन्याच्या सुरुवातीलाच सोडला, एवढंच. वर्षाची बेरीज 6000 च राहिली. नवे पैसे म्हणावेत तर ते बायकांच्या जनधन खात्यांवर आले: महिना 500, तीन महिने. शिवाय दहा गुंठेवाल्याला 2000 आणि पाच एकर बागवाल्यालाही 2000. द्राक्षाचा एकरी खर्च लाखांत जातो, तिथे ही रक्कम औषधाच्या हिशोबातही दिसत नाही. नुकसानभरपाई म्हणून या योजनेला गुण देता येत नाहीत.

पैसे पोचवण्याचं काम मात्र चांगलं आहे. मध्ये कुणाचा हात नाही, रक्कम थेट खात्यात. टाळेबंदीत बँकेच्या दारात रांगा होत्या तेव्हा अनेकांनी पोस्टमनकडे अंगठा देऊन घरीच पैसे उचलले.

हप्ता अडला तर आधी पीएम-किसानच्या पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून स्टेटस बघा. तिथे तीन गोष्टींपुढे हो किंवा नाही येतं: लँड सीडिंग (जमिनीची नोंद तुमच्या अर्जाला जोडणं), ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं), आधार-बँक सीडिंग (पैसे येण्यासाठी खातं आधारला जोडणं). 'नाही' कशापुढे आहे त्यावर कुठे जायचं ते ठरतं. हे न बघता तहसीलला हेलपाटे घालणारे फार.

सगळ्यात जास्त घोळ बँकेचा. 'आधार लिंक आहे' असं काउंटरवर सांगतात, पण खात्याला आधार जोडलेला असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या संस्थेच्या, यादीत त्या खात्याची नोंद असणं वेगळं. पैसे त्या यादीत शेवटी नोंदलेल्या बँकेत जातात. जिल्हा बँकेच्या पासबुकात हप्ता दिसत नाही म्हणून ओरड होते, आणि तो पडलेला असतो मधल्या काळात उघडलेल्या पोस्टाच्या नाहीतर जनधनच्या खात्यात. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं की कोणती बँक ते कळतं. बदलायची असेल तर हव्या त्या बँकेत डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार जोडणीचा फॉर्म भरून द्यायचा.

लँड सीडिंगचं काम घरबसल्या होत नाही. सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुक्यालाच जावं लागतं. जमीन 1 फेब्रुवारी 2019 पूर्वी नावावर हवी. त्यानंतर विकत घेतलेली चालत नाही, वारसाने आलेली चालते. म्हणून वडील गेल्यावर वारसनोंद लांबवू नका. फेरफार मंजूर होईपर्यंत मुलाला काही मिळत नाही, आणि वडिलांच्या नावावर येत राहिलेले हप्ते परत भरावे लागतात.

वसुलीची दुसरी वाट आयकराची. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. त्यातल्या एकाने जरी मागच्या वर्षी आयकर भरला असेल तर सगळं कुटुंब बाद. पुण्यात नोकरी करणारा सज्ञान मुलगा यात मोजत नाहीत; उगाच घाबरून नाव काढून घेऊ नये.

ई-केवायसी मोबाइलवर ओटीपीने फुकट होते, सेवा केंद्रात अंगठ्याने केली तर 15 रुपये. भांगलण करून ज्या बायकांचे ठसे झिजलेत त्यांचा अंगठा यंत्र घेत नाही. तिथे पीएम-किसान ॲपमधली चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय वापरायची. उजेड समोरून पाहिजे, पाठीमागून नको. डोक्यावरचा पदर थोडा मागे सारला की बहुतेक वेळा पहिल्या फेरीतच होतं.

आणि हे टाळू नका, कारण 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरी या मदत योजनेचा हप्ताही पीएम-किसानच्याच लाभार्थी यादीवरून सुटतो. त्याला वेगळा अर्ज नाही. इथे अडलं की तिथलेही पैसे अडतात.