केळीच्या बागेतील ठिबक नियंत्रकासाठी कर्नल कोणता : लिनक्स, फ्रीआरटीओएस की झेफर?

रावेर-यावलच्या पट्ट्यात बाग मृगबहाराची असो की कांदेबाग, केळीला पाणी आणि विद्राव्य खते बहुतेक ठिकाणी ठिबकमधूनच दिली जातात; म्हणूनच व्हॉल्व्ह आळीपाळीने उघडणारा, खताचा पंप चालवणारा आणि पाण्याच्या मीटरचे पल्स मोजणारा नियंत्रक आपणच तयार करावा, असे जळगाव-धुळ्याच्या एखाद्या तरुण अभियंत्याला वाटणे स्वाभाविक आहे. सर्किट जुळते, सेन्सरचे आकडे येऊ लागतात आणि मग आत कोणता कर्नल, म्हणजे सर्व कामे आणि मेमरी सांभाळणारा मूळ प्रोग्रॅम, बसवावा हा प्रश्न उभा राहतो. माझे मत आधीच सांगतो. हा निर्णय प्रोसेसरच्या वेगावरून घेऊ नये. रॅम किती आहे, त्या रॅमला संरक्षण कोणते आहे आणि वीज मध्येच गेली तर काय घडावे, या तीन गोष्टींवरून तो घ्यावा.

लिनक्सपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांना तोच ओळखीचा असतो. लिनक्सची रचना मेमरी मॅनेजमेंट युनिट, म्हणजे एमएमयू, गृहीत धरून केलेली आहे. प्रत्येक प्रक्रियेला स्वतःचा पत्त्यांचा पट्टा मिळतो आणि एक प्रोग्रॅम चुकला तरी दुसरा चालू राहतो, हे त्या युनिटमुळेच शक्य होते. ऑलविनर व्ही३एस या चिपमध्ये ६४ एमबी रॅम आतच बसवलेली असते आणि बिल्डरूट या साधनाने तयार केलेली नेटकी लिनक्स प्रणाली तिच्यात व्यवस्थित मावते. मेनूकॉन्फिग या कर्नलचे पर्याय निवडण्याच्या यादीत शिरून अनावश्यक ड्रायव्हर, फाइलप्रणाली आणि नेटवर्क प्रोटोकॉल बंद करता येतात. टायनीकॉन्फिग या सर्वांत लहान तयार जुळवणीने सुरुवात केली तर कर्नल इतका लहान होतो की त्यात सीरियल कन्सोल आणि संदेश छापण्याची सोयही उरत नाही, त्यामुळे पहिल्या बूटला पडद्यावर एक अक्षरही न दिसल्यास बोर्ड बिघडला असे समजू नये. त्या दोन सोयी आधी हाताने चालू कराव्यात. जुन्या लेखांत मेमरी वाचवण्यासाठी स्लॉब हा कर्नलमध्ये मेमरी वाटणारा अ‍ॅलोकेटर निवडण्याचा सल्ला आढळतो, परंतु २०२३ मध्ये आलेल्या ६.४ आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला असून लहान यंत्रांसाठी आता स्लब या दुसऱ्या अ‍ॅलोकेटरचाच 'टायनी' पर्याय वापरावा लागतो. कर्नल कितीही छाटला तरी खरी जागा युजरस्पेस (कर्नलबाहेरचे सारे प्रोग्रॅम) खाते, हेही लक्षात ठेवावे. बिझीबॉक्स हा छोट्या आज्ञांचा संच आणि मसल ही छोटी सी लायब्ररी घेतल्याने होणारी बचत ही शंभर पर्याय बंद करून होणाऱ्या बचतीपेक्षा मोठी असू शकते.

एमएमयू नसलेल्या प्रोसेसरवरही लिनक्स चालतो, आणि या वाटेचा मोह मला स्वतःला बराच काळ होता. एसटीएम३२एफ४२९ च्या डिस्कव्हरी बोर्डावर ८ एमबी बाह्य रॅम आणि २ एमबी फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) असते. कर्नल रॅममध्ये न उतरवता फ्लॅशमधूनच थेट चालवला की त्यावर लिनक्सचा प्रॉम्प्ट मिळतो. तो पाहून आनंद होतो, पण तेथे फोर्क, म्हणजे चालू प्रक्रियेची स्वतंत्र प्रत काढण्याची सोय, मिळत नाही, मूळ प्रक्रियेचीच मेमरी वापरणाऱ्या व्हीफोर्कवर भागवावे लागते, प्रत्येक मोठ्या मागणीला सलग मोकळी जागा लागते आणि काही दिवसांनी तुकडे पडलेल्या रॅममध्ये अशी सलग जागा सापडत नाही. शिवाय एका चुकीच्या पॉइंटरने (मेमरीतल्या पत्त्याने) संपूर्ण यंत्रणा कोसळते. म्हणजे लिनक्सचे ओझे वाहायचे आणि त्याचे मुख्य संरक्षण मात्र गमवायचे. शेतातल्या नियंत्रकासाठी हा मधला मार्ग मी सुचवणार नाही.

फ्रीआरटीओएस अगदी दुसऱ्या टोकाला आहे. २००३ मध्ये सुरू झालेला, २०१७ पासून अ‍ॅमेझॉनच्या देखरेखीखाली असलेला आणि एमआयटी परवान्याखाली मिळणारा हा कर्नल फ्लॅशमध्ये साधारण ६ ते १२ केबी जागा घेतो. त्याची सारी जुळवणी एका हेडर फाइलमध्ये असते : टिकचा (कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्याचा) दर, प्राधान्यांची संख्या, हीपचा (मागणीनुसार वाटायच्या मेमरीचा) एकूण आकार, स्टॅक (प्रत्येक टास्कची, म्हणजे स्वतंत्र कामाची, तात्पुरती मेमरी) ओसंडल्याची तपासणी. हीपचे पाच नमुने दिलेले आहेत. पहिल्यात घेतलेली मेमरी परत करताच येत नाही आणि नियंत्रकासाठी मला हाच गुण वाटतो, कारण सर्व टास्क सुरुवातीला एकदाच निर्माण होणार असतील तर तुकडे पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मेमरी घेणे-सोडणे अटळ असेल तर लगतचे मोकळे तुकडे जोडणारा चौथा नमुना घ्यावा.

मात्र ही साधी फाइल फसवी ठरू शकते. माझा प्रोग्रॅम ईएसपी३२ या चिपवर नीट चालत होता आणि त्यात प्रत्येक टास्कला २०४८ इतका स्टॅक दिलेला होता. खर्च कमी व्हावा म्हणून मी तो २० केबी रॅमच्या एसटीएम३२एफ१०३ वर हलवला. ईएसपी३२ साठीच्या आवृत्तीत स्टॅकचा आकार बाइटमध्ये मोजतात, तर मूळ फ्रीआरटीओएसमध्ये तो शब्दांत मोजतात आणि कॉर्टेक्स-एम प्रोसेसरवर एक शब्द ४ बाइटचा असतो. परिणामी प्रत्येक टास्क ८ केबी मागू लागले. १८ केबीच्या हीपमध्ये दोन टास्क बसले. तिसरे, म्हणजे मीटरचे पल्स मोजून व्हॉल्व्ह बंद करणारे टास्क, निर्माणच झाले नाही. मी परत आलेला निकाल तपासला नव्हता आणि मेमरी अपुरी पडल्याची सूचना देणारा हुकही बंद ठेवला होता. व्हॉल्व्ह उघडला, आणि वीज जाईपर्यंत केळीच्या एकाच पट्ट्यात रात्रभर पाणी वाहत राहिले. तेव्हापासून टास्कसाठी स्थिर, म्हणजे कंपाइल करतानाच ठरलेली मेमरी वापरण्याचा पर्याय मी पहिल्या दिवशीच चालू करतो. मग रॅम अपुरी असेल तर तक्रार शेतात न होता, प्रोग्रॅमचे भाग जोडणारा लिंकरच ती करतो.

झेफर हा २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सुरू झालेला प्रकल्प आहे आणि त्याची जुळवणी लिनक्ससारखीच, केकॉन्फिग (पर्याय निवडण्याची पद्धत) आणि डिव्हाइसट्री (हार्डवेअरचे वर्णन करणारी फाइल) यांच्या आधारे होते. त्यामुळे येथे शिकलेले पुढे लिनक्सवरही उपयोगी पडते. बोर्ड बदलला तर बहुधा डिव्हाइसट्रीतील काही ओळीच बदलतात. रॅम आणि फ्लॅश नेमकी कोणी व्यापली याचा अहवाल बिल्ड करतानाच मिळतो आणि मला ही त्याची सर्वांत मोलाची सोय वाटते. मेमरी प्रोटेक्शन युनिट असलेल्या चिपवर, उदाहरणार्थ ६४ केबी रॅमच्या एनआरएफ५२८३२ वर, स्टॅकच्या टोकाला हार्डवेअरचे कुंपण घालता येते. एसटीएम३२एफ१०३ च्या २० केबीवाल्या चिपमध्ये ते युनिट नसल्याने सॉफ्टवेअरच्या पहारेकरी-खुणेवर समाधान मानावे लागते. झेफर शिकायला मात्र वेळ लागतो, आणि पहिले डाउनलोडच इतके मोठे असते की ते गावातल्या मोबाइल नेटवर्कवर न करता शहरातच उरकलेले बरे.

खानदेशात निर्णयाचा खरा कस वीज गेल्यावर लागतो. शेतीची तीन फेज वीज पाळीने मिळते आणि अनेकदा ती रात्री येते. चौथा व्हॉल्व्ह चालू असताना वीज गेली तर पुढच्या पाळीत पाणी चौथ्यापासूनच सुरू व्हायला हवे, नाहीतर पहिल्या पट्ट्याला दुप्पट पाणी मिळते आणि शेवटचा कोरडा राहतो. ही स्थिती फ्लॅशमध्ये जपावी लागते. एसटीएम३२एफ१०३ च्या फ्लॅशचे एक पान १ केबीचे असते आणि ते १०,००० वेळा पुसता येण्याची हमी असते. दर मिनिटाला तेच पान पुसून लिहिले तर ही हमी सात दिवसांतच संपते. झेफरमधील एनव्हीएस हा फ्लॅशमध्ये नोंदी जपणारा भाग नवी नोंद आधीच्या नोंदीपुढे लिहीत जातो आणि पान भरल्यावरच दुसरे पुसतो, त्यामुळे हे आयुष्य अनेक पटींनी वाढते. फ्रीआरटीओएसच्या कर्नलमध्ये अशी सोय नाही; ती आपणच लिहावी लागते आणि नीट लिहिणे सोपे नाही. लिनक्समध्ये मूळ फाइलप्रणाली स्क्वॉशएफएसची, केवळ वाचनाची ठेवावी आणि बदलणारी माहिती वेगळ्या विभागात लिहावी, नाहीतर अचानक वीज गेल्यावर एसडी कार्ड खराब होऊन यंत्र उठणारच नाही, अशी पाळी येऊ शकते.

वेळेच्या काटेकोरपणाबद्दल थोडक्यात : व्हॉल्व्हसाठी तिन्ही पुरेसे आहेत. लिनक्सचा प्रीएम्प्ट-आरटी हा ठरलेल्या वेळेत प्रतिसाद मिळवण्याचा पर्याय २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत मुख्य शाखेत आला, पण तेव्हा तो एक्स८६, आर्म६४ आणि रिस्क-व्ही या प्रोसेसर-प्रकारांसाठीच होता. व्ही३एस ३२-बिट असल्याने केवळ त्या भरवशावर ती चिप घेऊ नये.

एका शेताचा, सहा-आठ व्हॉल्व्हचा आणि बदल न होणारा नियंत्रक हवा असेल तर फ्रीआरटीओएस घ्यावा. तोच नियंत्रक पुढे विकायचा असेल, चिपच्या टंचाईत बोर्ड बदलावा लागणार असेल किंवा दोन-तीन जण मिळून काम करणार असतील तर झेफरवर घालवलेला महिना वसूल होतो, आणि आज मला निवडायचे असेल तर मी ६४ केबी रॅमच्या चिपवर झेफरच निवडेन. लिनक्स मळ्यातल्या घरात ठेवावा : अनेक नियंत्रकांची माहिती गोळा करणारा, कॅमेरा जोडलेला, मोबाइलवर पान दाखवणारा एकच गेटवे म्हणून.

बांधावर पेटी बसवण्यापूर्वी सर्व व्हॉल्व्हची एक पूर्ण फेरी, खताचा पंप आणि एसएमएस मोडेम एकत्र चालवून प्रत्येक टास्कच्या स्टॅकमध्ये कमीत कमी किती जागा उरली ते छापून पाहावे. जेथे चौथा भागही मोकळा नसेल तेथे आकार वाढवावा आणि तीच फेरी मध्येच प्लग ओढून पुन्हा करावी.