सातवीतली मुलगी, चौथीचे अपूर्णांक : खान अकॅडमीचा आमचा अनुभव

३/४ + २/३ = ५/७. लेकीच्या वहीत हे उत्तर बघून काळजात धस्स झालं. अंशात अंश मिळवले होते, छेदात छेद. आणि मुलगी सातवीत!

आधी आम्ही एका ॲपवर पैसे भरून लाइव्ह वर्ग लावला होता. शिकवणारे चांगले होते, पण एका वेळी शेकडो मुलं. हिची शंका चॅटमध्ये वर सरकून दिसेनाशी व्हायची. हळूहळू तिने विचारणंच सोडलं, ते मला फार लागलं.

मग खान अकॅडमी या ऑनलाइन शिकायच्या संकेतस्थळावर तिला थेट चौथीच्या अपूर्णांकांवर नेलं. इथे कुठल्याही इयत्तेचा धडा उघडता येतो आणि वर्गातल्या कुणाला ते कळत नाही. माझ्या मते याचं सगळ्यात मोठं मोल हेच. हिंट उघडली तर ते उदाहरण बरोबर धरत नाहीत, पण लगेच तसंच दुसरं समोर येतं. ती आधी प्रत्येक हिंट उघडायची. मी काही बोलले नाही. चौथीचं झाल्यावर पाचवीचे वेगळ्या छेदांचे अपूर्णांक घेतले. एका संध्याकाळी तिने छेद १२ केला, ९ आणि ८ मांडले, १७/१२ लिहिलं आणि जुनी वही काढून आणली. "आई, ५/७ तर पाऊणपेक्षाही कमी आहे! पाऊणमध्ये मिळवून पाऊणपेक्षा कमी कसं होईल?" हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सल खान यांनी २००४ मध्ये दूर राहणाऱ्या, नात्यातल्या बहिणीला एककांचं रूपांतर शिकवायला घेतलं, त्यातून हे उभं राहिलं. २००८ पासून ही ना-नफा संस्था आहे. विद्यार्थ्यांना फुकट, जाहिराती नाहीत. दोन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी वेगळं ॲप आहे. रात्री मी स्वतः संख्याशास्त्र उघडते. प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप) कॉलेजात नुसतं पाठ केलं होतं, ते आता कुठे समजतंय.

वही मात्र आपणच बघायची. मुलाने उदाहरण सोडवलं की अंदाजाने पर्याय टिचकला, हे कुठल्याच पडद्याला दिसत नाही. म्हणून मी शेजारी बसते आणि आधी कागदावर करायला लावते. वेळ नसेल तर रोज वीसच मिनिटं बसा, पण बसा.

कालपासून तिने आपणहून दशांश अपूर्णांक उघडलेत. गुणाकारात टिंब कुठे द्यायचं, यावर सध्या गाडी अडली आहे.