साठीनंतरचं घरपोच ‘हार्मोन पॅनेल’: तपासण्या बऱ्या, गुण फसवा

टीएसएच (थायरॉइड मंदावली की वाढणारं हार्मोन), टोटल टेस्टोस्टेरॉन (रक्तातलं एकूण पुरुषी हार्मोन), डीएचईए-एस (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं हार्मोन), दिवसातून चार वेळा लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) आणि सोबत ‘तब्येत कशी वाटते?’ ही प्रश्नावली. ज्येष्ठांना विकल्या जाणाऱ्या पॅनेलचा, म्हणजे तपासण्यांच्या संचाचा, साचा साधारण हाच. शेवटी सगळ्याची गोळाबेरीज करून शंभरपैकी एक गुण मिळतो. आक्षेप या गुणावरच आहे.

आधी नमुन्याचं बघू. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी 7 ते 10 या वेळेत, उपाशीपोटी द्यावं. आकडा कमी आला तर वेगळ्या दिवशीच्या नमुन्यावर खात्री करायची असते. पॅनेल एकाच नमुन्यावर शिक्का मारतं. शिवाय वयाबरोबर एसएचबीजी हे प्रथिन वाढतं. त्याला चिकटलेलं टेस्टोस्टेरॉन टोटलमध्ये मोजलं जातं, म्हणून टोटल ठीक दिसूनही मोकळं (शरीराला वापरता येणारं) कमी असू शकतं. एसएचबीजी नसलेलं पॅनेल पुरुषांसाठी अर्धवटच.

सगळ्यात मोठा घोळ बायोटिन या जीवनसत्त्वाचा. केसा-नखांच्या गोळ्यांत ते 5-10 मिलिग्रॅम असतं आणि काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटं कमी, टी-4 हे थायरॉइडचं हार्मोन खोटं जास्त येतं. थायरॉइड जास्त काम करत असल्याचा भास होतो! या गोळ्या किमान दोन दिवस आधी थांबवा.

टीएसएचची एकच मर्यादा सगळ्या वयांना लावणंही चूक. ऐंशीपुढे 6-7 हा आकडा आजाराशिवायही दिसतो. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत किंचित वाढलेल्या टीएसएचच्या 737 ज्येष्ठांपैकी काहींना लेव्होथायरॉक्सिन हे थायरॉइडचं औषध दिलं, काहींना नुसती साखरगोळी. औषधाने टीएसएच उतरलं, थकवा मात्र दोन्हीकडे सारखाच राहिला. टेस्टोस्टेरॉन जेलच्या 2016 च्या चाचणीत (65 पुढचे 790 पुरुष) लैंगिक इच्छा थोडी सुधारली, थकव्यात ठोस फरक नाही. मग हार्मोनचा आकडा आणि ‘कसं वाटतं’ यांची बेरीज कशाच्या आधारावर?

प्रश्नावलीतला ‘एकूण तब्येत कशी आहे?’ हा प्रश्न मात्र मोलाचा. त्याचं उत्तर, आजार हिशेबात धरले तरी, पुढच्या आयुर्मानाबद्दल काही सांगून जातं. प्रश्नावली रिपोर्ट हातात पडण्याआधी भरा. लाल अक्षरं पाहिल्यावर कुणालाही बरं वाटत नाही.

डीएचईए-एस वयाबरोबर सगळ्यांचंच घटतं, तरुणांच्या मर्यादेशी तुलना निरर्थक. कॉर्टिसॉलच्या चार नळ्यांनी थकव्याचं कारण कळत नाही, आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर नमुनाच बाद. हे दोन्ही वगळलेलं पॅनेल मिळालं तर घ्या.