लहान मुलांचा सफाई संच: झाडू पास, मॉप नापास

झाडू, मॉप, झटकणी आणि सुपली असा चार नगांचा, लाकडी दांड्याचा संच. ऑनलाइन हजाराच्या आतबाहेर मिळतो. दोन वर्षांच्या मुलाने मोठा झाडू उचलला की दांड्याचं टोक मागे टीव्हीला, नाहीतर कुणाच्या तरी डोक्याला लागतं. हा झाडू एकूण ६५ सेंमीचा, मुलाच्या छातीच्या जरा वर येणारा, म्हणून दोन्ही हातांत नीट राहतो.

गोची सुपलीत आहे. पुढची कड जाड आणि कडक, फरशीला पूर्ण टेकत नाही. चुरमुरे आत जातात, पण पीठ आणि धूळ कडेखाली रेघ धरून उरते. मूल तीच रेघ ढकलत राहतं आणि वैतागून झाडू टाकून देतं. कडेला रबरी पट्टी असलेली सुपली वेगळी घ्यावी.

दांडा आट्यांवर बसतो. मुलं झाडताना तो हातात फिरवतात, त्यामुळे आटे सैल पडतात. नळाला वापरतात ती टेफ्लॉन टेप आट्यांवर तीन वेढे गुंडाळून दांडा पुन्हा आवळा.

या वयात मुलं केर जवळ ओढत नाहीत, पुढे ढकलतात, आणि तो घरभर होतो. दोन फुटी टाइलच्या मधोमध खडूने वीतभर गोल काढा, भोवती मूठभर चुरमुरे टाका आणि सांगा, ‘सगळे गोलात आण.’ सुपली आपण धरायची. एका हातात सुपली, दुसऱ्यात झाडू ही कसरत तिशीत, म्हणजे तीस महिन्यांनंतर, हळूहळू जमते. सरावाला शेंगदाणे-हरभरे नकोत, घशात अडकतात. राहिलेला केर मुलाच्या देखत लगेच झाडू नये, पुढच्या वेळी ते झाडूला हात लावत नाही.

मॉप मात्र निरुपयोगी. झुपके पाणी पितात, मुलाला ते पिळता येत नाहीत आणि गुळगुळीत टाइलवर घसरगुंडी होते. त्यापेक्षा जुन्या बनियनचं तळहाताएवढं फडकं आणि वाटीत चार चमचे पाणी द्या. फिनाईल अजिबात नको. झटकणी नुसती खेळायला.

खेळणं म्हणून विकत असतील तर आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. झाडूच्या टोकाला दोरी आहे. हुक जमिनीपासून अडीच फुटांवर ठोका, म्हणजे मूल आपलं आपण काढतं आणि अडकवतं.