महाराष्ट्र शब्दकोश, आठ खंड: केळीपट्ट्यात वापरून पाहिल्यावर

जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-रावेर भागातल्या एका शेतकरी गटासाठी मी माहितीपत्रकं लिहितो. मुद्दे कृषी सल्लागाराचे, मराठी माझं. त्या कामासाठी दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चा जुना संच घेतला आणि गेले काही महिने तो जवळजवळ रोज उघडतोय. घ्यावा का, असं दोघा-तिघांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वस्तूबद्दल. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी संपादित केलेले सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले, पुरवणी खंड १९५० मध्ये. खंड जाडजूड, टाइप बारीक. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हाच कोश फुकट शोधताही येतो. फक्त लेखन १९६२च्या नियमांआधीचं आहे. नोंद 'खुडणें', 'केळें' अशी असते, तेव्हा शोधताना डोक्यावरचं टिंब विसरू नका. शब्दाचं लिंग, मूळ, ज्ञानेश्वरी-दासबोधातले दाखले, म्हणी, सगळं मिळतं. शब्द वऱ्हाडी, गोव्याकडचा की खानदेशी, हेही कंसात सांगितलेलं असतं. हे एवढंसं कंसातलं अक्षर मला सर्वात उपयोगी पडलं.

माझी तक्रार अर्थाच्या मांडणीबद्दल आहे. पुष्कळ नोंदी अर्धविराम देत देत समानार्थी शब्दांची रांग लावतात आणि थांबतात. आता आमच्याकडे कापूस वेचतात, बाजरीची कणसं खुडतात, भुईमूग उपटतात, मिरची तोडतात, केळीची मात्र 'कटाई' होते. हे सगळे शब्द 'पीक काढणे' या एकाच खुंटीला टांगले तर वाचणाऱ्याला काय कळणार? कापूस 'खुडला' असं पत्रकात छापलं तर वाचणारा पुढचं वाचायच्या आधी हसेल.

कोश तपासायला मी एक जुनी कसोटी वापरतो. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्रावरच्या जुन्या ग्रंथाच्या परंपरेत लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगितलेत. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी म्हटलं तर म्हैसही आत येते, ती अतिव्याप्ती. गाय म्हणजे तांबूस प्राणी म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ती अव्याप्ती. एका खुराची म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, तो असंभव. मग गाईचं लक्षण कोणतं? सास्ना, म्हणजे गळ्याखाली लोंबणारी पोळी. लक्षणाचं एक काम व्यावृत्ती, इतरांपासून वेगळं काढणं. समानार्थी शब्दांची रांग नेमकं तेच काम टाळते.

या कसोटीचा खरा कस लागला फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या कपाशीच्या, पत्रकात. शाळकरी मुलांसाठीच्या एका छोट्या कोशात 'फरदड' पुढे 'खोडवा' एवढंच छापलंय. तेच पत्रकात गेलं असतं तर गोंधळ झाला असता, कारण उसाचा खोडवा ठेवा असं आम्ही सांगतो आणि कपाशीची फरदड घेऊ नका असंही आम्हीच सांगतो. फरदडीवर गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहतं, ती पुढच्या हंगामापर्यंत टिकते. गटातल्या एका बागायतदाराने चहाच्या टपरीवर मला जे सांगितलं ते कुठल्याही खंडात नाही सापडायचं: "फरदडीत झाड तेच राहतं भो, फक्त पाणी देऊन लांबवतो. खोडव्यात खोड तेच, फुटवा नवा. अन् पिलबागेत माय जाते, पिलू राहतं." कपाशी, ऊस आणि केळीचे तीन शब्द, तिन्ही जुन्या लागवडीवर दुसरं उत्पन्न घेण्याचे, आणि प्रत्येकाची 'पोळी' त्याने एकेका वाक्यात दाखवली. मी ते जसंच्या तसं छापलं, फक्त 'भो' काढला. (काढायला नको होता, असं गटातल्या पोरांचं म्हणणं.)

केळीच्या बाजारभावाच्या फलकावर नवती, कांदेबाग, पिलबाग असे लागवडीच्या प्रकारांचे रकाने असतात. त्यातला रकाना चुकला की भावच चुकला, त्यामुळे केळीवाल्यांना ही शिस्त कोणी शिकवावी लागत नाही.

शास्त्रीय शब्दांसाठी मात्र या कोशावर विसंबू नका. ते त्याचं काम नव्हतंच. 'खारवट' आणि 'चोपण' बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी येतात. माती परीक्षणात क्षारयुक्त, म्हणजे खारवट, जमीन म्हणजे विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, सामू (pH) ८.५ च्या खाली, विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या आत. चोपण जमिनीत तिन्ही आकडे उलट बाजूला. पहिलीत निचरा करून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढायचे, दुसरीत आधी जिप्सम घालायचं. नुसत्या खारवट रानात जिप्समच्या गोण्या ओतल्या तर तो पैसा वायाच. इथे मी कोश मिटतो आणि परीक्षणाचा अहवाल उघडतो.

घ्यायचाच असेल तर जुन्या बाजारात पुरवणी खंड आहे ना ते आधी बघा. बरेचदा सात खंडच संच म्हणून दाखवतात. आणि मागे चार-सहा कोरी पानं शिवून घ्या. माझ्या संचातली अर्धी अधिक भरत आली आहेत, बहुतेक मजकूर त्या टपरीवरचा.